एफ रस्त्यावरचा पाणवठा

वॉशिंग्टन शहरातील युनियन स्टेशनमधून बाहेर पडून थोडे अंतर चालले की कॅपिटल हिलच्या ईशान्य भागात, दुसरा रस्ता आणि एफ रस्ता जेथे मिळतात त्या कोपऱ्यावर, एबेनेझर्स कॉफीहाऊस लागते. दार उघडताच नुकत्याच दळलेल्या कॉफीचा वास येतो. हे दुकान एका ख्रिस्ती मंडळीने, म्हणजे चर्चने, उभे केले आहे, परंतु येथे कॉफी मागणाऱ्याला त्याचा धर्म कोणी विचारत नाही.

गल्ल्यापलीकडचे हात पाहा. दांड्याच्या गाळणीत कॉफीची पूड भरली जाते, ती सपाट दाबून बसवली जाते आणि मग सुमारे 9 बार दाबाखाली गरम पाणी तिच्यातून उतरते. अर्ध्या मिनिटाच्या आत दाट, तपकिरी धार पेल्यात जमा होते. दूध तापवताना एक तळहात भांड्याच्या बाहेरच्या बाजूस टेकलेला असतो. भांडे हाताला सोसेनासे झाले की वाफ बंद करायची.

याच जागेत एकेकाळी अमली पदार्थांचे व्यसनी आसरा घेत असत, आणि ही इमारत ओस पडलेली होती. नॅशनल कम्युनिटी चर्च ही मंडळी 1996 साली अवघ्या 19 जणांनिशी सुरू झाली. तिची उपासना एका शाळेत भरत असे. ती शाळा बंद झाल्यावर मंडळी युनियन स्टेशनमधील चित्रपटगृहात आली आणि रविवारी पडद्यासमोरच्या खुर्च्यांवर बसून प्रार्थना करू लागली. रोज हजारो माणसांची ये-जा असलेल्या त्या स्थानकातच, मंडळीने लोकांमध्ये राहायचे असते, ही तिची धारणा पक्की झाली. म्हणूनच कोपऱ्यावरची ही पडीक वास्तू हाती आल्यावर पाळक मार्क बॅटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे मनोरा असलेले प्रार्थनामंदिर बांधले नाही. बायबलमध्ये येशू शोमरोनी स्त्रीशी बोलला तो याकोबाच्या विहिरीवर, जेथे गावाला पाण्यासाठी यावेच लागे. आजच्या शहरात माणसे तशीच कॉफीच्या दुकानात जमतात, असा बॅटरसन यांचा विचार होता. आपल्याकडे पाणवठा म्हटला की जे चित्र डोळ्यांपुढे येते, तेच त्यांना येथे हवे होते. निवासी म्हणून नोंदलेल्या जागेचा वापर बदलून घेणे, शेजाऱ्यांची संमती मिळवणे आणि मोडकळीस आलेली वास्तू नव्याने उभी करणे, हे सर्व पार पडून 2006 साली दुकान उघडले.

एबेनेझर्स हे नाव बायबलमधील शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातले आहे. पलिष्टी या शत्रूंवरील इस्राएलच्या विजयानंतर शमुवेल संदेष्ट्याने मिस्पाजवळ एक धोंडा उभा केला आणि परमेश्वराने येथवर साहाय्य केले, या अर्थाने त्याला एबन-एजर म्हटले. आपल्या मराठी पवित्र शास्त्राच्या वाचकांना हा धोंडा परिचयाचा आहे. व्यसनाने पोखरलेल्या वास्तूला हे नाव देणे मला अतिशय उचित वाटते.

दुकानाचा नफा कोणाच्या खिशात जात नाही. तो समाजकार्यासाठी दिला जातो.

2009 साली युनियन स्टेशनमधील ते चित्रपटगृह बंद झाले. त्या वेळी कॉफीहाऊसचे तळघर मंडळीच्या हाताशी होते. ते तळघर असे: लहानसे व्यासपीठ, समोर खुर्च्या, आणि वरच्या मजल्यावर कॉफी दळली जात असल्याचा आवाज.