कागद वेळेवर सापडला पाहिजे

३१ मे २०२४. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी आपलं 'लिव्हिंग विल' नोंदवलं. गोव्यात असं इच्छापत्र नोंदवणारे ते पहिलेच. आजार बरा होण्यापलीकडे गेला आणि आपल्याला बोलता येईनासं झालं, तर कोणते उपचार करायचे, कोणते थांबवायचे, आपल्या वतीनं कोणी बोलायचं, हे त्यात लिहिलेलं असतं.

आता असंच इच्छापत्र केलेले एक आजोबा रात्री दोन वाजता अ‍ॅम्ब्युलन्समधून कॅज्युअल्टीत येतात, असं समजू या.

कागद घरी, कपाटाच्या लॉकरमध्ये. मुलगा परगावाहून निघालाय. ड्यूटीवरचा निवासी डॉक्टर आजोबांना पहिल्यांदाच बघतोय. धाप लागलीय, ऑक्सिजन उतरतोय. तो विचारतो, "नळी टाकायची का?" सोबत आलेले शेजारी म्हणतात, "डॉक्टर, काय लागेल ते करा." नळी पडते, व्हेंटिलेटर सुरू होतो. त्या डॉक्टरला बोल लावता येणार नाही. हाती काहीच माहिती नसताना जीव वाचवणं हेच त्याचं काम आहे. आजोबांची इच्छा त्याच्यापर्यंत पोचेल अशी सोय रुग्णालयात नव्हती, हे खरं दुखणं.

कायद्याची वाट महाराष्ट्रातूनच सुरू झाली. केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३ सालच्या हल्ल्यानंतर ४१ वर्षांहून अधिक काळ अंथरुणाला खिळून होत्या. सहकारी परिचारिकांनी त्यांना जिवापाड सांभाळलं. त्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०११मध्ये कृत्रिम आधार काढण्याचा प्रश्न पहिल्यांदा इतक्या तपशिलात हाताळला. पण अरुणाताईंना स्वतःला काय हवं होतं, हे कोणीच सांगू शकत नव्हतं. ९ मार्च २०१८ रोजी न्यायालयानं लिव्हिंग विलला मान्यता दिली. मात्र त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची, आणि तिथंच लोक थकायचे. जानेवारी २०२३मध्ये ही अट गेली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. इच्छापत्र डिजिटल आरोग्य नोंदीत जोडायलाही परवानगी आहे.

म्हणजे कागद करणं सोपं झालं. तो पलंगाशी पोचवणं रुग्णालयांच्या हातात आहे, आणि आपण अडकलोय ते इथंच.

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात ला क्रॉस नावाचं छोटं शहर आहे. १९९०च्या दशकात तिथल्या रुग्णालयांनी मिळून एकच पद्धत ठरवली. परिचारिका आणि समाजसेवकांना हा विषय काढायचं प्रशिक्षण दिलं आणि कागद फायलीत कुठं लावायचा, तेही पक्कं केलं. १९९५-९६मधल्या ५४० मृत्यूंच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ८५ टक्के लोकांची इच्छा लेखी होती, आणि त्यातल्या ९५ टक्के लोकांचा कागद रुग्णालयाच्या फायलीत सापडला. मला यातला दुसरा आकडा जास्त मोलाचा वाटतो.

आपल्याकडे हे काम ओपीडीतच सुरू व्हायला हवं. आयसीयूच्या दारात हा विषय काढला की घरच्यांना वाटतं, डॉक्टरांनी हात टेकले, नाहीतर बिलाचं काहीतरी असेल. तेच शुगर तपासायला आलेल्या आजींशी शांतपणे बोलता येतं.

"आजी, उद्या तुम्हाला बोलता आलं नाही, तर तुमच्या वतीनं आम्ही कोणाला विचारायचं?"

आजी लेकाकडे बघतात, मग म्हणतात, "धाकट्या सुनेला विचारा. हा लगेच घाबरतो."

एवढ्या एका उत्तरानं पुढचे कितीतरी वाद टळतात. ते तिथल्या तिथं लिहून घ्यायचं. केसपेपरच्या पहिल्याच पानावर, अ‍ॅलर्जीची नोंद असते तिच्या शेजारी: इच्छापत्र आहे की नाही, प्रत कुठं आहे, कोणाला फोन करायचा. आजी पुन्हा दाखल झाल्या की नोंदणी खिडकीवरच हे पान वर यायला हवं. दर वेळी डॉक्टरनंच बोलायला हवं असंही नाही. सरकारी आणि पालिका रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असतात, नातेवाइकांशी बोलण्याचा त्यांचा हात बसलेला असतो. त्यांना या कामात घ्या. आणि आजींचं मत बदललं, तर कागदही बदलता येतो, हे त्यांना आवर्जून सांगा.

पुढचा टप्पा अवघड आहे. उपचार थांबवण्यापूर्वी दोन वैद्यकीय मंडळांनी मत द्यावं लागतं. पहिल्यात उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभव असलेले दोन तज्ज्ञ. दुसऱ्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला एक डॉक्टर आणि वेगळे दोन तज्ज्ञ. दोघांनीही शक्यतो ४८ तासांत निर्णय द्यायचा, आणि अंमल करण्यापूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचं. मोठ्या रुग्णालयाला हे जमतं. तालुक्याच्या वीस खाटांच्या नर्सिंग होमनं रविवारी तज्ज्ञ कुठून आणायचे? जिल्ह्यानं नावांची यादी आधीच करून ठेवली, छोट्या रुग्णालयांनी शेजारच्या मोठ्या रुग्णालयाशी आधी बोलून ठेवलं, तरच ४८ तासांना अर्थ आहे.

पाठपुरावा केला की यंत्रणा हलते. मुंबईतले स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी आपलं इच्छापत्र केलं, तेव्हा ते जपून ठेवणारा अधिकारीच नेमलेला नव्हता. ते उच्च न्यायालयात गेले. त्यानंतर राज्यात स्थानिक संस्थांमध्ये असे अधिकारी नेमले गेले. आता या अधिकाऱ्याचा फोन नंबर प्रत्येक रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीवर आणि कॅज्युअल्टीच्या टेबलावर लागलेला हवा, म्हणजे रात्रपाळीच्या डॉक्टरला तो शोधत बसावं लागणार नाही.