येमेनच्या बाजारात पीठ होतं, मग माणसं उपाशी का राहिली?

नमस्कार! हा नकाशा बघा. हा तांबडा समुद्र, आणि हे होदेदा बंदर. येमेनला लागणारा जवळजवळ 90 टक्के गहू बाहेरून येतो, आणि आयातीचा मोठा हिस्सा इथेच उतरतो. देशाचा गळा कुठे आहे, हे लढणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

सप्टेंबर 2014 मध्ये उत्तर येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी राजधानी साना घेतली. मार्च 2015 पासून सौदी अरेबियाच्या आघाडीचे हवाई हल्ले सुरू झाले. सौदींची लढाऊ विमानं अमेरिका-ब्रिटनची, हुथींच्या पाठीशी इराण. त्याच ऑगस्टमध्ये होदेदाच्या क्रेनवर बॉम्ब पडले. मग जागतिक अन्न कार्यक्रमाने (संयुक्त राष्ट्रांची अन्नमदत संस्था) चार नव्या क्रेन घेतल्या, त्याही अमेरिकेच्या पैशातून. जानेवारी 2017 मध्ये आघाडीने त्या वाटेतूनच परत पाठवल्या. बंदरात पोचायला आणखी एक वर्ष गेलं. धान्य उतरवायच्या क्रेन हो!

पण बंदराइतकीच, माझ्या मते त्याहून जास्त, बँक महत्त्वाची आहे. तिच्यावर फारसं कुणी बोलत नाही, कारण बँकेचे फोटो निघत नाहीत. सप्टेंबर 2016 मध्ये हुथींच्या विरोधातल्या, सौदी-समर्थित सरकारचे अध्यक्ष हादी यांनी मध्यवर्ती बँक सानाहून आपल्या ताब्यातल्या दक्षिणेकडच्या एडन शहरात हलवली. हेतू हुथींची नाडी आवळण्याचा. आवळली गेली पगारदारांची. सुमारे 12 लाख सरकारी नोकरांपैकी बहुतेकांचे पगार रखडले: शिक्षक, नर्स, सफाई कामगार. युद्धाआधी एका डॉलरला 215 च्या आसपास रियाल पडायचे. 2021 मध्ये एडनच्या बाजारात हजारावर. दुकानात पिठाची पोती रचलेली, आणि घ्यायला घरात पैसा नाही.

हुथीही काही धुतल्या तांदळासारखे नाहीत. मदतीचं धान्य भलतीकडेच जातंय म्हणून जून 2019 मध्ये अन्न कार्यक्रमाला सानातलं वाटप काही काळ अंशतः थांबवावं लागलं.

यूएनडीपीच्या (संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम) अंदाजाने या युद्धात 2021 अखेरपर्यंत 3,77,000 मृत्यू. त्यातले जवळपास 60 टक्के बॉम्बने किंवा गोळीने झालेले नाहीत. ते भूक, आजार आणि घाण पाण्याने गेले. मेलेल्यांत बहुसंख्य पाच वर्षांखालची मुलं.

मे 2018 मध्ये सुरक्षा परिषदेने ठराव 2417 एकमताने मंजूर केला: उपासमार हे युद्धाचं हत्यार करता येणार नाही. बाजूने मत देणाऱ्यांत अमेरिका होती. सौदी आघाडीच्या विमानांत हवेतल्या हवेत इंधन भरून देणं तिने थांबवलं ते त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये.