दहा विषय आणि एक प्रबंध

नमस्कार, श्रोतेहो. पदवी झाली, आता संगणकशास्त्रात मास्टर्स करायचं, असं मनात असलेली बरीच मुलंमुली आज ऐकत असतील. पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती विषय? अमेरिकी विद्यापीठांत साधारणपणे ३० क्रेडिट, म्हणजे तीन-तीन क्रेडिटचे दहा विषय. (क्रेडिट म्हणजे विषयाचं वजन मोजायचं एकक.) युरोपात दोन वर्षांना १२० क्रेडिट. तिथलं क्रेडिटचं मापच निराळं, तेव्हा या दोन आकड्यांची तुलना करू नका.

या दहांतले काही विषय तुमच्या आवडीचे. पण काही वेगवेगळ्या शाखांतून घ्यावेच लागतात: अल्गोरिदम, ऑपरेटिंग सिस्टीम, गणनाचा सिद्धान्त, म्हणजे संगणकाला काय सोडवता येतं याचा अभ्यास. कुरकुर होते ती इथेच. ‘मला मशीन लर्निंगच करायचंय, मग हे कशाला?’ असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी एक गोष्ट सांगतो. तुम्हीही ऐका.

१९३६ साली क्लॉड शॅनन नावाचा वीस वर्षांचा मुलगा अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठात आला. मिशिगन विद्यापीठातून विद्युत अभियांत्रिकी आणि गणित, अशा दोन पदव्या घेऊन. काम मिळालं तिथले अभियंते व्हॅनेव्हार बुश यांच्या डिफरन्शियल अ‍ॅनालायझरवर. दांडे, गिअर आणि फिरत्या चकत्यांचं ते अवाढव्य यंत्र समीकरणं सोडवायचं. त्याच्या नियंत्रणाला होते रिले, म्हणजे विजेनं उघडझाप होणारे स्विच. त्यांची जोडणी त्या काळी माणसं अनुभवानं, अंदाजानं करत. शॅननला मात्र मिशिगनमधला तर्कशास्त्राचा तास आठवला. तो तास होता तत्त्वज्ञान विभागाचा! तिथे तो जॉर्ज बूल या गणितज्ञाचं बीजगणित शिकला होता: खरं म्हणजे १, खोटं म्हणजे ०.

आता नीट ऐका. दोन स्विच एकापुढे एक जोडले, तर दोन्ही लागल्यावरच वीज जाते. हे झालं ‘आणि’. तेच शेजारीशेजारी जोडले, तर कुठलाही एक लागला तरी पुरे. हे झालं ‘किंवा’. म्हणजे सर्किट कागदावर समीकरणासारखं मांडता येतं, सोपं करता येतं, आणि मग तारा जोडता येतात. द्विमान, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून लिहिलेल्या, आकड्यांची बेरीज करणारं सर्किटही त्यानं आखून दाखवलं. आज प्रत्येक डिजिटल चिपचं डिझाइन याच पायावर उभं आहे. आणि हे सगळं १९३७ साली लिहिलेल्या एका मास्टर्सच्या प्रबंधात. पुन्हा सांगतो, मास्टर्सच्या! पीएचडीच्या नव्हे. लिहिणाऱ्याचं वय एकवीस.

म्हणून म्हणतो, दुसऱ्या शाखेतला विषयही वाया जात नाही.

तर पदवीसाठी शेवटी प्रबंध, प्रकल्प किंवा सर्वंकष परीक्षा यांपैकी एक. काही ठिकाणी नुसते विषय पूर्ण केले तरी चालतं. प्रबंधाला सहसा दोन-तीन विषयांइतके क्रेडिट मिळतात. निवडता येत असेल तर प्रबंधच निवडा, असं माझं ठाम मत आहे. एका प्रश्नाशी महिनोन्‌महिने झुंजायची संधी नोकरीत क्वचितच मिळते.

गुणांचं म्हणाल, तर बहुतेक अमेरिकी विद्यापीठांत सरासरी ‘बी’ टिकवावी लागते, म्हणजे ४ पैकी ३. नुसतं पास होऊन भागत नाही, सरासरी टिकवावी लागते. दुसऱ्या शाखेतून येत असाल तर डेटा स्ट्रक्चर्स, डिस्क्रीट मॅथ्स असे पायाभूत विषय आधी करायला सांगतात, आणि ते सहसा त्या ३० क्रेडिटांत धरत नाहीत. प्रवेशाआधीच विचारून घ्या.

आणि प्रबंध करायचा असेल, तर मार्गदर्शकाचा होकार लागतो. शेवटच्या सत्रात शोधायला निघालात तर चांगल्या प्राध्यापकांकडे जागा उरलेली नसते. पहिल्याच सत्रात, ज्यांचा तास आवडला त्यांना भेटा, त्यांचे दोन-तीन शोधनिबंध वाचून जा, आणि एक प्रश्न बरोबर न्या.