पित्त, लहानपणापासून

नमस्कार मंडळी. बाहेर फलकावर विषय लिहिलाय, 'सर्वांसाठी आरोग्यसेवा की खासगी विमा?' मला पंचेचाळीस मिनिटं दिली होती. त्यातली दहा माझ्या परिचयात गेली आणि त्या परिचयातल्या बऱ्याच गोष्टी मलाही आजच कळल्या. असो. या शीर्षकातला 'की' मला खटकतो. त्या 'की'चा समाचार घ्यायला मी आलोय. पण आधी माझ्या पित्ताशयाबद्दल थोडंसं. थोडंसंच, घाबरू नका.

काही वर्षांपूर्वी एका रात्री उजव्या बरगडीखाली अशी कळ आली की मी मुलीला इच्छापत्र कुठल्या कपाटात आहे ते सांगून टाकलं. इच्छापत्र अजून केलेलंच नाही, हे नंतर आठवलं. रुग्णालयात गेलो. ड्यूटीवर एक तरुण डॉक्टर होता, झोपेने डोळे तारवटलेले, पण बोलायला गोड. त्याने विचारलं, "काका, त्रास कधीपासून?" आता आपल्या माणसाला 'त्रास कधीपासून' असं विचारलं तर तो 'काल रात्री साडेनऊपासून' असं उत्तर देतो का हो? ती तर गप्पांना सुरुवात असते! मी कळ दाबत म्हणालो, "अहो डॉक्टर, पित्त ना, ते माझं लहानपणापासूनचं!" तो हसला, मान डोलावली आणि केसपेपरवर काहीतरी खरडलं. मला वाटलं, मुलगा चांगला आहे, ऐकून घेतो.

सोनोग्राफीत खडे दिसले. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला मोठे डॉक्टर म्हणाले, "जा घरी." सलाईनची सुई निघाली, हातावर कापसाचा बोळा आणि चिकटपट्टी आली, घरचा शर्ट अंगात चढवला. त्या बोळ्यासकट मी संध्याकाळी सहापर्यंत पलंगाच्या कडेला बसून होतो. कारण विमा कंपनीची मंजुरी यायची होती. मुलगी दर तासाला खिडकीवर जायची आणि नवीन बातमी आणायची. मेल गेलाय. मेल मिळालाय. मेल वाचतायत. त्यांनी एक शंका काढलीय. दुपारी पलंगावरची चादर बदलायला मावशी आल्या, माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "अजून इथंच?" पुढचा पेशंट दारात चाकाच्या खुर्चीत. तो माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे.

सहाला उत्तर आलं. नामंजूर. आजार आधीपासूनचा होता आणि पॉलिसी घेताना लपवला. पुरावा? केसपेपर. त्यावर त्या गोड मुलाने लिहिलं होतं, 'बायलरी कम्प्लेंट्स सिन्स चाइल्डहूड', म्हणजे पित्ताशयाच्या तक्रारी लहानपणापासून.

म्हणजे काय झालं बघा. जळजळ होते, करपट ढेकर येतात, त्याला आपण पित्त म्हणतो. तो मामला जठरातल्या आम्लाचा. यकृत जे तयार करतं आणि पित्ताशय साठवतं, त्यालाही आपण पित्तच म्हणतो. आणि एखादा उगाच वाद घालायला लागला की खवळतं तेही पित्तच! तीन वेगळ्या गोष्टी, शब्द एक. त्या मुलाने मधल्या अर्थाचं भाषांतर केलं आणि माझा क्लेम भाषांतरात मेला. मग तिसऱ्या अर्थाचं पित्त जे खवळलं, त्याला मात्र कुठल्याच पॉलिसीत जागा नव्हती. (तुम्ही हसताय म्हणजे बऱ्याच जणांकडे पॉलिसी दिसतेय.)

पैसे खिशातून भरले आणि पत्रव्यवहार सुरू केला. अकरा महिने. प्रत्येक पत्राला उत्तर यायचं, सभ्य भाषेत यायचं आणि खाली एक ओळ असायची, 'हे पत्र संगणकाने तयार केले आहे, सहीची आवश्यकता नाही.' मी ती ओळ इतक्यांदा वाचली की मला तिचंच व्यसन लागलं. मला नकाराचं दुःख नव्हतं. नकार देणारा माणूस सापडत नव्हता, त्याचं होतं. भांडायला तरी समोर तोंड लागतं! शेवटी त्या तरुण डॉक्टरनेच दुरुस्तीचं प्रमाणपत्र दिलं, त्यावर स्वतःची सही ठोकली, आणि पैसे आले. हातमोज्यांचे कापून. ऑपरेशनला हातमोजे ही माझी वैयक्तिक हौस होती, असा त्यांचा समज असावा.

तर मंडळी, तिथून माझ्या डोक्यात हे शिरलं. आपण विचारतो, पैसे कोण देतो? सरकार की कंपनी? मी म्हणतो, नकार कोण देतो ते विचारा. कारण नकार सगळीकडे आहे. जगातल्या कुठल्याही देशाकडे सगळ्यांच्या सगळ्या दुखण्यांना पुरतील इतके डॉक्टर, खाटा आणि पैसे नाहीत. सरकारी व्यवस्था रांगेतून नकार देते. कंपनी पत्रातून देते. आणि जिथे दोन्ही नाहीत तिथे माणूस स्वतःच स्वतःला नकार देतो. दुखतंय, पण जात नाही. हा तिसरा नकार सगळ्यात स्वस्त, कारण त्याची नोंद कुठेच होत नाही.

याचा चक्क प्रयोग झालाय. अमेरिकेत रँड या संस्थेने १९७४ ते १९८२ या काळात सुमारे २,७५० कुटुंबांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे वेगवेगळे विमे वाटले. काहींना सगळं फुकट, काहींना वर्षाच्या ठरावीक मर्यादेपर्यंत बिलाचे ९५ टक्के स्वतः भरायचे. ज्यांना पैसे पडत होते ते डॉक्टरकडे कमी गेले, हे कुणीही सांगेल. गंमत पुढे आहे. त्यांनी निरुपयोगी उपचार टाळले आणि गरजेचेही टाळले, जवळपास सारख्याच प्रमाणात. म्हणजे 'खिशाला चाट बसली की माणूस शहाणा होतो' हे अर्धंच खरं. तो नुसता कमी जातो. बहुतेकांच्या तब्येतीत मोठा फरक दिसला नाही, पण रक्तदाब वाढलेल्या गरीब लोकांना फुकट उपचारांचा फायदा स्पष्ट झाला.

आता कंपनीची बाजू. माझी इच्छा नाही, पण सांगतो. 'त्रास कधीपासून' हे कंपनी दुष्टपणाने विचारत नाही. न विचारता सगळ्यांना एकाच हप्त्यात घेतलं तर दुखणाईत धावत येतील आणि ठणठणीत माणसं म्हणतील, एवढा हप्ता कशाला? ते गेले की हप्ता वाढतो, वाढला की आणखी जातात. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अर्थतज्ज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला, पुढे त्याला नोबेलही मिळालं. त्यात त्याने हाच प्रश्न मांडलाय, पासष्टीपुढच्या माणसाला वाटेल तो हप्ता भरायची तयारी असूनही विमा का मिळत नाही? जुनी मोटार आणि म्हातारा माणूस एकाच निबंधात! मी पासष्टी ओलांडलेली असल्यामुळे यावर अधिक बोलत नाही.

उपाय काय? 'कधीपासून' हा प्रश्नच विचारायची गरज पडू नये. १९२९ साली डॅलसमधल्या एका रुग्णालयाने शिक्षकांसाठी योजना काढली, महिन्याला ५० सेंट, बदल्यात २१ दिवसांपर्यंत रुग्णालयातली सोय. अमेरिकेतल्या ब्लू क्रॉस विम्याचं मूळ तिथे आहे. ती चालली, कारण शिक्षक नोकरीमुळे गटाने येत होते, पोट दुखलं म्हणून एकेकटे नाही. जर्मनीचा चान्सलर बिस्मार्क याने १८८३ मध्ये कामगारांच्या बाबतीत हेच कायद्याने केलं. वर्गणीचे दोन भाग कामगाराचे, एक भाग मालकाचा, आणि बाहेर राहायची मुभा नाही. त्याला कामगारांचा फार कळवळा होता असं नाही, समाजवाद्यांची हवा काढायची होती. पण पित्त कुणाचंही खवळो, औषध मिळालं.

चिठ्ठी आलीय. 'पाच मिनिटे.' खाली सही नाही! बघा, मी काय सांगत होतो?

बरं, भराभर सांगतो. तो 'की'. स्वित्झर्लंडमध्ये १९९६ पासून आणि नेदरलँड्समध्ये २००६ पासून मूलभूत विमा सगळ्यांना सक्तीचा आहे, तो विकतात खासगी विमासंस्था, आणि त्यांना कुणालाही 'तुम्ही आजारी आहात' म्हणून परत पाठवता येत नाही. ज्या संस्थेकडे आजारी माणसं जास्त, तिला इतर संस्थांकडून भरपाई. मग हे सार्वत्रिक की खासगी? दोन्ही. उलट ब्रिटनमध्ये ५ जुलै १९४८ पासून सगळी आरोग्यसेवा सरकारी आणि दारात फुकट, तरी तीन वर्षांत चष्मा आणि कवळीला पैसे लावावे लागले आणि ज्याने ती सेवा उभी केली त्या बेव्हनने त्यावरून मंत्रिपद सोडलं. रांगा तर आहेतच. पण तिथे १९९९ साली नाइस ही संस्था निघाली. महागडं औषध सरकारी खर्चाने द्यायचं की नाही हे ती ठरवते, कारणं छापते आणि तिच्या निर्णयावर दाद मागता येते. लोक तिला शिव्या घालतात. घालू देत. शिव्या घालायला पत्ता तरी आहे!

अमेरिकेतल्या ऑरेगन राज्याचं राहिलंच. २००८ मध्ये तिथल्या सरकारी विम्यात सुमारे दहा हजार जागा, इच्छुक नव्वद हजारांच्या घरात, म्हणून लॉटरी काढली. ज्यांचा नंबर लागला त्यांचा रक्तदाब, साखर दोन वर्षांत फारशी सुधारली नाही. नैराश्य कमी झालं आणि दवाखान्याच्या खर्चाने कंबरडं मोडणं जवळजवळ थांबलं. विमाविरोधक पहिलं वाक्य सांगतात, समर्थक दुसरं. दोन्ही एकाच अहवालातली आहेत.

मी कुठल्या बाजूचा, हे कुणीतरी विचारणारच. सगळ्यांना एका छत्राखाली घ्या, सक्तीने घ्या, या बाजूचा. पैसे सरकारी तिजोरीतून वाटा नाहीतर विमासंस्थांमार्फत, तो हिशेब ज्याचा त्याने करावा. पण 'नाही' म्हणायचं असेल तर उपचाराआधी म्हणा, कारण लिहा आणि खाली...

दुसरी चिठ्ठी. 'कृपया आटोपते घ्यावे.' सही आहे, अध्यक्षांची. मग थांबतो.