इंग्रजी चुकतं तेव्हा मराठीकडे बघा

मंडळी, उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये 'नट लूज झालाय' असं सर्रास म्हणतात. ते बरोबरच आहे, लूज हा आता आपला शब्द झालाय. पण इंग्रजीत 'सैल' या अर्थाच्या शब्दाचा उच्चार 'लूस' आहे, शेवटी स्वच्छ स, आणि स्पेलिंगमध्ये दोन ओ. गमावणं किंवा हरणं म्हणजे 'लूझ', त्यात ओ एकच. आपल्या तोंडी दोन्ही लूजच, म्हणून लिहिताना गोंधळ होतो. अशा वेळी मुलाला तो शब्द शंभर वेळा लिहायला लावू नका. आधी दोन्ही उच्चार वेगवेगळे ऐकवा.

इंग्रजी शिकताना आपण ज्या चुका करतो, त्यांतल्या बऱ्याच चुकांमागे मराठीची पक्की सवय असते. शिकणारा मठ्ठ नसतो. हे शिक्षकांनी आणि पालकांनी आधी मनापासून मान्य करावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मुलाखतीत हमखास येणारं वाक्य घ्या. 'मी पाच वर्षांपासून कोल्हापुरात राहतोय.' निर्दोष मराठी. त्याचं इंग्रजी होतं, 'आय ॲम लिव्हिंग इन कोल्हापूर सिन्स फाइव्ह इयर्स.' इथे दोन गोष्टी चुकल्या. आपलं 'पासून' दोन्हीकडे चालतं: 'सोमवारपासून' म्हटलं की सुरुवात कळते, 'पाच वर्षांपासून' म्हटलं की मुदत. इंग्रजीत सुरुवातीला सिन्स आणि मुदतीला फॉर. ओळखायचं कसं? 'पासून' काढा आणि 'गेली' लावून बघा. 'गेली पाच वर्षं' जमतं, म्हणून फॉर. सोमवारपासूनचं तसं करता येत नाही, म्हणून सिन्स. दुसरी चूक काळाची. पूर्वी सुरू होऊन अजून चालू असलेल्या गोष्टीला मराठीत चालू वर्तमानकाळ पुरतो, इंग्रजीत तो पुरत नाही. म्हणून 'आय हॅव बीन लिव्हिंग इन कोल्हापूर फॉर फाइव्ह इयर्स.' हे वाक्य घरी मोठ्यानं म्हणा, अगदी जिभेवर बसेपर्यंत.

काही ठिकाणी तर मराठीच वाट दाखवते. फोनवर आवाज तुटला की आपली मुलं म्हणतात, 'आय कान्ट लिसन यू.' अहो, आपण मराठीत 'मला ऐकता येत नाही' म्हणतो का? 'ऐकू येत नाही' म्हणतो. ऐकू येणं म्हणजे हिअर. लक्ष देऊन ऐकणं म्हणजे लिसन, आणि कुणाचं ऐकतो ते सांगायचं तर पुढे टू हवा. दिसणं आणि बघणं यांचंही तसंच, सी आणि लुक.

अ आणि ॲन यांसाठी तर आपली लिपीच कामाला येते. पुढचा शब्द देवनागरीत लिहा आणि पहिलं अक्षर बघा. युनिव्हर्सिटी य-ने सुरू होते, म्हणून 'अ युनिव्हर्सिटी'. अवरमधला एच गप्प, सुरुवात स्वरानं, म्हणून 'ॲन अवर'. 'ॲन एमएलए' आणि 'अ वन-वे' हेही त्याच हिशोबानं.

आता न उच्चारल्या जाणाऱ्या अक्षरांविषयी. त्यांच्यावर लोक फार चिडतात. पण आपणही 'नांव', 'कांहीं' असे अनुस्वार लिहीतच होतो. १९६२च्या लेखननियमांनी ते काढले. कर्ज या अर्थाचा 'डेट' इंग्रजीत फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात बी नव्हता. मूळ लॅटिन 'डेबिटम'ची ओळख राहावी म्हणून विद्वानांनी तो नंतर घातला. पाठ करताना बँकेच्या पासबुकातलं 'डेबिट' आठवा, त्यात हाच बी ऐकू येतो. पावतीच्या 'रिसीट'मधला पी 'रिसेप्शन'मध्ये सापडतो आणि 'साइन'मधला जी 'सिग्नेचर'मध्ये. सगळ्याच शब्दांना असा नातेवाईक मिळत नाही, पण स्पेलिंग घोकण्याआधी तो एकदा शोधून बघा.