शिप बुडालं कुणाचं?

श्रोतेहो, नमस्कार.

आज शिपिंगबद्दल बोलायचंय. कथेतली दोन पात्रं एकमेकांची व्हावीत असं जीव तोडून वाटणं म्हणजे शिपिंग. ती जोडी म्हणजे शिप, आणि तिच्यासाठी झुरणारा, चित्रं काढणारा, पहाटेपर्यंत जागून गोष्टी लिहिणारा तो शिपर. कॅनन (मूळ कथेत असलेलं), हेडकॅनन (चाहत्यानं आपल्या मनाशी धरलेलं), फॅनफिक (चाहत्यांनी लिहिलेल्या गोष्टी) हे शब्द तुमच्या तोंडी रोज असतात, त्यामुळे त्यांची फोड करत बसत नाही. 'शिपर' हा शब्द कुठून आला, एवढं मात्र सांगते. नव्वदच्या दशकात 'द एक्स-फाइल्स' मालिकेच्या चाहत्यांचे इंटरनेटवर दोन तट पडले. मल्डर आणि स्कली प्रेमात पडावेत असं म्हणणारे 'रिलेशनशिपर', आणि कृपा करून या दोघांत प्रेम आणू नका म्हणणारे 'नोरोमो', म्हणजे 'नो रोमान्स'. पहिल्या शब्दाचा सुरुवातीचा भाग गळला आणि 'शिपर' उरला. लक्षात घ्या, हा शब्द भांडणातच जन्माला आला.

हौस त्याहून जुनी आहे. 'स्टार ट्रेक' मालिकेतल्या कर्क आणि स्पॉक यांच्या प्रेमकथा सत्तरच्या दशकात चाहत्यांच्या छोट्या छापील अंकांतून फिरत होत्या. दोन नावांमध्ये तिरकी रेघ (/) द्यायची पद्धत तिथलीच. ती रेघ मला फार आवडते. हल्ली दोन नावं कापून एकच नाव बनवतात. ते गोड लागतं, पण नव्या माणसाला कोण कुणाबरोबर आहे याचा पत्ता लागत नाही. तिरकी रेघ दोघांनाही पूर्ण नावानं हाक मारते. असो, हे माझं मत झालं.

मूळ मुद्दा असा. एखादी जोडी आवडणं ही आवड आहे. तीच जोडी लेखकाच्या मनात होती असं म्हणणं हा दावा आहे. आवडीला पुरावा लागत नाही, दाव्याला लागतो. शिपिंगमधली मोठी भांडणं बहुतेक वेळा या दोन गोष्टींची गल्लत झाल्यावर पेटतात. पुन्हा सांगते: आवडीला पुरावा लागत नाही, दाव्याला लागतो.

ही गल्लत किती लांब जाऊ शकते ते पाहायचं तर 2005च्या जुलैमध्ये जाऊ.

हॅरी पॉटरचं पाचवं पुस्तक 2003मध्ये आलं होतं. सहावं यायला दोन वर्षं होती, आणि त्या दोन वर्षांत चाहत्यांनी जोड्यांवरून जे रान उठवलं त्याला तोड नाही. एका बाजूला हॅरी आणि हर्मायनीवाले. त्यांच्या शिपचं नाव हार्मनी. दुसऱ्या बाजूला रॉन आणि हर्मायनीवाले. दोन्ही बाजूंचे लोक पुस्तकं वकिलासारखी वाचत. कुठल्या प्रकरणात कोण कुणाकडे पाहतं, कोण कुणावर चिडतं, मिठी कोण कुणाला मारतं, सगळं पानांच्या आकड्यांसकट मांडलेलं. हार्मनीवाले म्हणायचे, संकटात हर्मायनी नेहमी हॅरीच्या शेजारी असते, हे पाहा. रॉनवाले म्हणायचे, ती भांडते फक्त रॉनशी, रडतेही त्याच्याचमुळे, हे पाहा. पुस्तकं तीच होती आणि निष्कर्ष मात्र उलटे निघत होते.

16 जुलै 2005ला सहावं पुस्तक बाहेर पडलं. त्याच दिवशी एडिंबऱ्यात लेखिका जे. के. रोलिंग यांनी दोन चाहत्यांना मुलाखत दिली. एक जण मगलनेट या पॉटर-चाहत्यांच्या संकेतस्थळाचा तरुण संस्थापक, दुसरी लीकी कॉल्ड्रन या तशाच संकेतस्थळाची संपादक. लेखिकेनं चाहत्यांना बोलावलं, याचा केवढा आनंद झाला असेल! गप्पा रंगल्या आणि विषय जोड्यांवर आला. तेव्हा त्या तरुण संस्थापकानं हॅरी-हर्मायनीवाल्यांना एक विशेषण लावलं. मराठीत सांगायचं तर भ्रमिष्ट.

आता नीट ऐका, कारण सगळी गोष्ट इथे आहे. 'भ्रमिष्ट' हा शब्द त्या तरुणाचा होता. रोलिंग यांनी तो घेतला नाही. आपण त्यांना भ्रमिष्ट म्हणणार नाही, तेही आपले मोलाचे वाचक आहेत, असं त्या म्हणाल्या. मात्र रॉन आणि हर्मायनी हे नक्की आहे, आणि तशा खुणा आपण आधीच्या पुस्तकांत टाकल्या होत्या, हेही त्यांनी सांगितलं. केवढ्या खुणा? लोहाराच्या ऐरणीएवढ्या. ऐरण हा शब्द त्यांचा, भ्रमिष्ट हा शब्द त्यांचा नाही.

मुलाखत नेटवर आली आणि भडका उडाला. हार्मनीवाल्यांनी वर्षानुवर्षं लिहिलेले निबंध, काढलेली चित्रं, कादंबरीएवढ्या फॅनफिक, या सगळ्यावर कुणीतरी एका शब्दात पाणी ओतल्यासारखं त्यांना वाटलं. पुस्तकं परत करू म्हणणारेही निघाले. आणि सांगता सांगता तो शब्द सरकला. मुलाखत घेणाऱ्याच्या तोंडून निघून तो लेखिकेच्या तोंडी जाऊन बसला. लेखिकेनं आम्हाला वेडं ठरवलं, हे वाक्य मूळ मुलाखत न वाचलेल्या माणसांनीही पुढे नेलं. दुखावलेला माणूस मूळ कागद शोधायला जात नाही. दुसऱ्या बाजूचं वागणंही बरं नव्हतं. जिंकलेल्यांनी तोच शब्द उचलला आणि पुढे टोमणा म्हणून वापरला.

21 जुलै 2007ला शेवटचं पुस्तक आलं. अखेरच्या प्रकरणात एकोणीस वर्षांनंतरचा काळ आहे. रॉन आणि हर्मायनीचा संसार, हॅरी आणि जिनीचा संसार, मुलं शाळेच्या गाडीत बसतायत. कागदावर उतरलेला निकाल. आता तरी भांडण संपावं ना? हार्मनीच्या गोष्टी त्यानंतरही लिहिल्या गेल्या आणि आजही लिहिल्या जातात.

मग 2014 उजाडलं. वंडरलँड नावाच्या मासिकाच्या एका अंकाची पाहुणी संपादक होती एमा वॉटसन, म्हणजे पडद्यावरची हर्मायनी. तिनं रोलिंग यांची मुलाखत घेतली. फेब्रुवारीच्या सुरुवातीला त्यातला एक तुकडा वृत्तपत्रात आला. त्यात रोलिंग म्हणाल्या होत्या की रॉन-हर्मायनी ही जोडी आपण एक प्रकारे स्वतःची इच्छा पुरी करण्यासाठी लिहिली, साहित्याशी त्याचा फारसा संबंध नव्हता. झालं. हर्मायनीनं हॅरीशी लग्न करायला हवं होतं, लेखिकेची कबुली, असे मथळे जगभर झळकले. नऊ वर्षं मान खाली घालून वावरलेल्या हार्मनीवाल्यांनी जल्लोष केला, आणि रॉनवाले तितकेच दुखावले गेले.

काही दिवसांनी पूर्ण मुलाखत आली आणि सूर मवाळ निघाला. काही बाबतींत हॅरी आणि हर्मायनी जास्त जुळतात असं रोलिंग यांचं म्हणणं होतं. पण रॉन आणि हर्मायनी थोडं समुपदेशन घेऊन सुखानं राहतीलही, असंही त्याच संभाषणात होतं. मथळ्यात पहिला अर्धा भाग आला, दुसरा आला नाही.

म्हणजे 2005मध्ये मुलाखतीतला निकाल, 2007मध्ये पुस्तकातला निकाल, 2014मध्ये फेरविचार. लेखिका एकच, जोडी एकच. कुणाचं शिप बुडालं सांगा. दोन्ही अजून पाण्यावर आहेत.

यातून कामाच्या दोन गोष्टी घ्या. पहिली, लेखक अमुक म्हणाला असं कानावर आलं की तीन गोष्टी तपासा: शब्द नक्की कुणाचे, वाक्य अख्खं आहे की तोडलेलं, आणि प्रश्न काय विचारला होता. प्रश्न कापलेला असेल तर उत्तराचा अर्थ बदलतो. दुसरी, चित्रफितीचा दहा सेकंदांचा तुकडा हा पुरावा धरू नका.

आता रोजच्या व्यवहाराचं. बरीच कटकट टॅग, म्हणजे कथेत काय आहे ते सांगणारी चिठ्ठी, नीट न लावल्यामुळे होते. आर्काइव्ह ऑफ अवर ओन, म्हणजे आपलं एओथ्री, हे फॅनफिकचं संकेतस्थळ 2009मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. तिथला साधा नियम असा: दोन नावांमध्ये तिरकी रेघ असेल तर प्रेमाचं नातं, 'अँड'चं चिन्ह (&) असेल तर मैत्रीचं किंवा घरचं नातं. भावाबहिणीच्या कथेला चुकून तिरकी रेघ लागली तर काय गदारोळ होईल, ते सांगायला नको. पुन्हा सांगते: रेघ प्रेमाची, 'अँड' मैत्रीचा.

नको असलेली जोडी टाळायची तर गाळणीतल्या (फिल्टरमधल्या) वगळण्याच्या रकान्यात तिचा टॅग घाला. फक्त तुमचीच जोडी हवी असेल तर तिच्या टॅगखाली, निकालांतर्गत शोधाच्या ('सर्च विदिन रिझल्ट्स') चौकटीत इंग्रजी अक्षरांत ओटीपी ('वन ट्रू पेअरिंग', म्हणजे एकमेव खरी जोडी), मग एकाखाली एक दोन टिंबं, मग ट्रू, असं लिहा. ज्या कथांना नात्याचा एकच टॅग आहे तेवढ्याच समोर येतील. यात एक खोट आहे. कथा तुमच्याच जोडीची असली, पण लेखकानं कोपऱ्यातल्या एखाद्या काका-काकूंचाही टॅग लावला असला, तर तीही गळून जाते. म्हणून लिहिणाऱ्यांनो, एका वाक्यापुरत्या आलेल्या जोडीला टॅग लावू नका. त्या जोडीचे चाहते आशेनं येतात आणि निराश होऊन जातात, आणि मग खाली प्रतिक्रियांत कुरबुर सुरू होते.

समाजमाध्यमांवर सगळ्यात मोठी चूक म्हणजे जोडीवर टीका करून त्याच जोडीचा मूळ टॅग लावणं. तो टॅग म्हणजे त्या जोडीवर प्रेम करणाऱ्यांचं अंगण आहे. टीका जरूर लिहा, पण 'अँटी' जोडलेल्या वेगळ्या टॅगखाली लिहा. आणि दुसरी चूक याच्या उलट. सौजन्य म्हणून काही जण जोडीचं नाव मधे तारे किंवा आकडे घालून लिहितात. हेतू चांगला, परिणाम वाईट. ज्यानं तो शब्द म्यूट केलाय त्याच्या गाळणीला ताऱ्यांचं नाव ओळखता येत नाही, आणि जे टाळायचं तेच त्याच्या डोळ्यांसमोर येतं. नाव पूर्ण लिहा, शुद्ध लिहा. म्यूट करणाऱ्याला खरा उपयोग त्याचाच होतो.

म्यूट आणि ब्लॉक यांत फरक आहे. एओथ्रीवर ब्लॉक केलं की तो माणूस तुमच्या कथांवर प्रतिक्रिया देऊ शकत नाही, पण त्याचं लिखाण तुम्हाला दिसत राहतं. म्यूट केलं की त्याचं लिखाण तुम्हाला दिसत नाही, पण तो तुमच्याकडे येऊ शकतो. त्रासच होत असेल तर दोन्ही करा. आणि चिडून कुणाची पोस्ट आपल्या शेऱ्यासह पुढे पाठवू नका. तुम्ही रागावून पाठवलीत तरी ती नव्या माणसांपर्यंत पोचतेच. ज्या पोस्टचा राग आला, तिलाच तुम्ही खांद्यावर घेऊन गावभर फिरवता.

'अँटी', म्हणजे एखाद्या जोडीला विरोध करणारा, आणि 'प्रोशिपर' या दोन शब्दांवरून तर माणसं कायमची दुरावतात. प्रोशिपर म्हणजे कुणाच्याही काल्पनिक जोडीवरून माणसाला छळू नये असं मानणारा, असं एक गट समजतो. दुसऱ्या गटाच्या मते प्रोशिपर म्हणजे कथेतल्या अत्याचाराचं समर्थन करणारा. शब्द एकच, अर्थ दोन. म्हणून कुणाला हे लेबल लावण्याआधी विचारा, तुम्ही हा शब्द कुठल्या अर्थानं वापरता? माझं मत स्पष्ट आहे. कथेत काय दाखवलंय यावर कडक टीका व्हावी, पण ती कथेवर व्हावी. 'ही जोडी मला असमान वाटते, कारण एकाच्या हातात दुसऱ्याची नोकरी आहे' ही टीका झाली. 'ही जोडी आवडणारी माणसं सडकी असतात' हा हल्ला झाला.

आणि खऱ्या माणसांना यातून वगळा. कलाकारांना त्यांच्या सहकाऱ्यांबरोबरच्या गोष्टी पाठवू नका, जाहीर कार्यक्रमात त्यावर प्रश्न विचारू नका, त्यांच्या घरच्या माणसांना तर अजिबात बोलू नका. पात्रं कथेतली आहेत, कलाकार खरे आहेत.

नावड सांगायची एक छान पद्धत चाहत्यांनी स्वतःच घडवलीय. यूलटाइड नावाचा गोष्टींच्या देवाणघेवाणीचा उपक्रम 2003पासून चालू आहे. भाग घेणारा आपल्याला काय आवडेल ते लिहितो, आणि त्याच्याशेजारी काय नको त्याची यादी देतो. नको असलेली जोडी, नको असलेला शेवट, काहीही. त्याच्यासाठी लिहिणाऱ्यानं किमान एक हजार शब्दांची गोष्ट लिहायची आणि ती यादी पाळायची. का नको, हे यादी देणाऱ्यानं सांगायचं नसतं आणि लिहिणाऱ्यानं विचारायचं नसतं. 25 डिसेंबरला गोष्टी उघडतात तेव्हा लेखकांची नावं झाकलेली असतात. ती 1 जानेवारीला कळतात. तोवर वाचणाऱ्याला ठाऊकच नसतं की आपल्या आवडत्या जोडीची ही इतकी प्रेमानं लिहिलेली गोष्ट कदाचित समोरच्या शिपमधल्या माणसानं लिहिलीय.

नमस्कार.