रिप्ले कशाला?

(दृश्य: रात्र. गावाबाहेरचं मैदान, बांबूला बांधलेले हॅलोजन. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर ट्रायपॉड, त्यावर मोबाईल.)

जालना जिल्ह्यातलं एक गाव. नाव घेत नाही, कारण पुढं कळेल. पडीक रानावर रोलर फिरवून मैदान केलंय, चुन्यानं सीमारेषा आखलीय. टेनिस बॉलच्या चषकाची फायनल. पहिलं बक्षीस एका पुढाऱ्याकडून, दुसरं कृषी सेवा केंद्राकडून, मॅन ऑफ द मॅचला भिंतीवरचं घड्याळ. मैदानाभोवती माणसं आहेतच, पण खरी गर्दी मोबाईलवर. चाकणच्या कंपनीतून पाळी सुटलेली पोरं खोलीवर बसून बघायलेत. ऊसतोडीला गेलेली माणसं कोपीत बसून बघायलेत. लाइव्ह आहे म्हणून त्यांना गाव दिसतंय. हे आधीच सांगतो, नाहीतर कुणी म्हणेल, बंद करा ते लाइव्ह-बिइव्ह. आमचं म्हणणं तसं नाही.

शेवटच्या बॉलला चार हव्यात. बॅट्समन सिक्स ठोकतो. हलगी सुरू, गुलाल सुरू. आणि चुन्याच्या पट्टीशी दहा-अकरा वर्षांचा एक पोरगा उकिडवा बसून रडायला लागतो. बॉलरचा धाकटा भाऊ.

ट्रॉलीवरचा मोबाईल त्याच्याकडं वळतो. माइकवरचा माणूस म्हणतो, "बघा बघा, आमच्या छोट्या फॅनला सहन होईना गेलंय!" स्क्रीनवर हसणाऱ्या इमोजींची रांग लागते. पोरगा शर्टाची कॉलर तोंडावर ओढतो. कॅमेरा अजून जवळ जातो. मग रिप्ले येतो. सिक्सचा नाही, पोराचा.

सकाळपर्यंत ती क्लिप दर्दभऱ्या गाण्यासकट निम्म्या तालुक्याच्या स्टेटसला. शाळेत त्याला एक नवं नाव पडलं. ती क्लिप आमच्याकडं आहे. या फिल्ममध्ये ती दिसणार नाही, आणि ते नावही ऐकू येणार नाही.

(दृश्य: स्टेडियमबाहेर उभी लांब गाडी. आत भिंतभर छोटे पडदे.)

गावातल्या त्या मोबाईलवाल्यानं हे कुठून उचललं? टीव्हीवरून, दुसरं कुठून.

मोठ्या सामन्याच्या वेळी स्टेडियमबाहेर ओबी व्हॅन, म्हणजे थेट प्रक्षेपणाची गाडी, उभी असते. आत भिंतभर पडदे, प्रत्येकावर एकेका कॅमेऱ्याचं चित्र. समोर डायरेक्टर बसतो आणि कुठलं चित्र घराघरांत जाईल ते ठरवतो. क्रिकेटमध्ये दोन बॉलच्या मधला वेळ कशानं तरी भरावा लागतो, आणि भरायला सगळ्यात स्वस्त माल म्हणजे प्रेक्षकांचे चेहरे. कोण नाचायलंय, कुणी गालावर तिरंगा रंगवलाय, कोण हात जोडून देव आठवायलंय, ते कॅमेरामन हेरून ठेवतात. मोठ्या माणसाला रडू आलं तर तो तोंड फिरवतो, रुमाल काढतो, डोळ्यात काहीतरी गेल्याचं सोंग करतो. लेकराला हे जमत नाही. ते उघडं रडतं. म्हणून कॅमेऱ्याला लेकरू आवडतं.

लाइव्ह चित्र एक वेळ चुकून जाईल. समोर दिसलं, बटण दाबलं, गेलं. रिप्ले चुकून लागत नाही. रिप्लेच्या मशिनवरचा माणूस तो तुकडा बाजूला काढतो, डायरेक्टरला विचारतो, डायरेक्टर हो म्हणतो, मग तो संथ करून सोडतात. एवढ्या वेळात विचार करता येतो. आमचं भांडण त्या मधल्या वेळाशी आहे.

हा तुकडा कुठंही चिकटवता येतो, हे युरोपनं २०१२ साली पाहिलं. २८ जून, पोलंडमधलं वॉर्सा, फुटबॉलच्या युरो स्पर्धेची सेमीफायनल, इटली विरुद्ध जर्मनी. इटलीच्या बालोटेलीच्या गोलनंतर जगभरच्या पडद्यांवर एक जर्मन बाई डोळ्यांत पाणी आलेली दिसली. घरी बसलेल्यांना वाटलं, गोल खाल्ला म्हणून रडली. प्रत्यक्षात तिचे डोळे भरले होते सामन्याआधी, राष्ट्रगीत चालू असताना. तो क्षण उचलून गोलच्या मागं लावला होता. जर्मन वाहिन्यांनी तक्रार केली. चित्र त्यांचं नव्हतंच, ते स्पर्धेची आयोजक युएफा, म्हणजे युरोपची फुटबॉल संघटना, तिच्याकडून सगळ्या देशांना जात होतं. ती बाई मोठी होती, म्हणून निभावलं असेल.

लहान मुलीचं काय होतं ते २९ जून २०२१ ला दिसलं. पुन्हा युरो स्पर्धा, लंडनचं वेम्ब्ली स्टेडियम, इंग्लंडनं जर्मनीला २-० हरवलं, आणि वडिलांना बिलगून रडणारी एक जर्मन मुलगी पडद्यावर आली. स्टेडियममधल्या मोठ्या पडद्यावर ती दिसली तेव्हा लोकांनी जल्लोष केला. पुढं सोशल मीडियावर तिच्याबद्दल जे लिहिलं गेलं ते मोठ्या माणसांनी लिहिलं होतं, आणि ते इथं वाचून दाखवायची आमची तयारी नाही. वेल्समधल्या एका माणसाला हे सहन झालं नाही. सगळेच असे नसतात हे त्या मुलीला कळावं म्हणून त्यानं ५०० पौंड जमवायचं ठरवलं. जमले ३६,००० च्या वर. घरच्यांनी आपली ओळख उघड केली नाही, आणि ते पैसे युनिसेफला द्यायला सांगितलं.

लोक ही गोष्ट माणुसकीचा दाखला म्हणून सांगतात, आणि आहेच ती तशी. पण शिव्या देणारे आणि पैसे देणारे, दोघंही त्याच मुलीला शोधत होते. घरच्यांना दोघांपासूनही लेक लपवावी लागली.

(दृश्य: चौकातला मोठा पडदा, त्याच्यासमोर रिकाम्या प्लास्टिकच्या खुर्च्या.)

आपल्याकडं १९ नोव्हेंबर २०२३. दिवाळी नुकतीच झालेली. लागोपाठ दहा सामने जिंकून भारत क्रिकेट विश्वचषकाच्या अहमदाबादच्या फायनलला उतरला आणि ऑस्ट्रेलियाच्या ट्रॅव्हिस हेडनं १३७ धावा काढून सगळं संपवलं. सहा गडी राखून ऑस्ट्रेलिया. त्या रात्री पडद्यावर निळ्या जर्सीतले ओले चेहरे किती वेळा आले ते आठवा. हेडचे चौकार आठवणार नाहीत, ते चेहरे आठवतील. प्रक्षेपकाला हेच हवं असतं, आणि आपणही ते बघत बसलो होतो, खोटं कशाला बोलायचं.

आता कुणी विचारेल, मग खेळाडूंचं काय? तेही रडतात. १३ मार्च १९९६ ला ईडन गार्डन्सवर श्रीलंकेविरुद्धची विश्वचषकाची सेमीफायनल प्रेक्षकांच्या दंग्यामुळं थांबली आणि विनोद कांबळी रडत मैदानाबाहेर आला. तेव्हा तो २४ वर्षांचा होता. त्यानं कसोटीत दोन द्विशतकं काढलीत, पण नाव काढलं की लोकांसमोर तो रडका चेहराच येतो. तरीही खेळाडू कॅमेऱ्यासमोर उतरतो ते ठाऊक असून. त्याला मानधन आहे, संघ आहे, दुसऱ्या दिवशी बॅटनं उत्तर द्यायची सोय आहे. बीडच्या सचिन धसनं २०२४ च्या एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध सेमीफायनलला ९६ धावा काढल्या, आणि पाचच दिवसांनी भारत फायनल हरला. जिंकताना कॅमेरा हवा तर हरताना नको म्हणता येत नाही, हे त्या वयातल्या खेळाडूलाही मान्य करावं लागतं. सीमारेषेवर बसलेल्या पोरानं काय मान्य केलंय? तो तर भावाची बॉलिंग बघायला आला होता.

(दृश्य: तांबड्या मातीचा फड. हलगीवाल्याचे हात. मातीत उमटलेली छोटी पावलं.)

मराठवाड्याला हरणारी लेकरं नवी नाहीत. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाची यात्रा असो की लातूरच्या सिद्धेश्वराची, कुस्त्यांचा फड लागतो तेव्हा सुरुवात पोरांच्या कुस्त्यांनी. रेवड्यांवर, नारळावर, दहा-वीस रुपयांवर. बघता बघता एखादं सात-आठ वर्षांचं पोरगं चितपट होतं आणि भोकाड पसरतं. सगळा फड बघतो. हसतोही. पण जिंकणाऱ्याबरोबर हरणाऱ्याच्या हातावरही काहीतरी टेकवतात, कुणीतरी त्याच्या पाठीवरची माती झटकतं, आणि हलगी पुढच्या जोडीसाठी वाजायला लागते. बघायला हजार माणसं होती, तरी चार दिवसांनी त्या पोराचा चेहरा कुणाच्या ध्यानात नसतो.

अशाच एका फडात आम्ही चित्रीकरण करत होतो. हरलेलं पोरगं नाक मनगटानं पुसत होतं, त्यामुळं नाकाखाली मातीची मिशी तयार झालेली. पाच-सहा मोबाईल त्याच्याकडं वळले, त्यात आमचा कॅमेराही होता. त्याचा वस्ताद उठला. बोलला काहीच नाही. खांद्यावरचा पंचा झटकला, पोराच्या डोक्यावर टाकला आणि मोबाईलवाल्यांकडं पाठ करून उभा राहिला. आम्हाला वस्तादाच्या पाठीचं चित्र मिळालं. तेच तुम्ही आता बघताय.

हेच कोपनहेगनला झालं होतं. १२ जून २०२१, युरो स्पर्धेचा सामना, डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिस्तियन एरिक्सन खेळता खेळता कोसळला, हृदय बंद पडलं. डेन्मार्कचे खेळाडू त्याच्याभोवती कडं करून उभे राहिले, तोंडं बाहेर. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. कॅमेरे मात्र दाखवत राहिले, त्याची जोडीदार रडतेय तेही. बीबीसीनं नंतर प्रेक्षकांची माफी मागितली आणि चित्रांचा ताबा युएफाकडं होता असं सांगितलं. एरिक्सन वाचला, परत खेळलाही.

कायद्याचं म्हणाल तर थोडक्यात. बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचं सोळावं कलम मुलांच्या खासगीपणाबद्दल आहे आणि भारतानं तो करार १९९२ मध्ये स्वीकारलाय. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ गुन्ह्यात अडकलेल्या किंवा पीडित मुलांची ओळख छापू देत नाही. पण हरलेल्या संघाचा छोटा चाहता ना आरोपी, ना पीडित. मोठ्या स्टेडियमात तिकिटाच्या मागं बारीक अक्षरात चित्रीकरणाला संमती लिहून घेतात. गावच्या मैदानाला तिकीटच नसतं.

आणि जमत नाही असंही नाही. मैदानात कुणी घुसला तर कॅमेरा मुद्दाम दुसरीकडं वळवतात, त्याला फुकटची प्रसिद्धी नको म्हणून. रशियातल्या २०१८ च्या फुटबॉल विश्वचषकात फिफानं प्रक्षेपकांना सांगितलं होतं, प्रेक्षकांतल्या देखण्या तरुणींवर झूम करणं कमी करा. म्हणजे कॅमेऱ्याला सांगता येतं.

(दृश्य: लॅपटॉपवर एडिटिंग. खाली बोटं, वर अंधूक केलेलं चित्र.)

जालन्यातल्या त्या चॅनेलवाल्याला आम्ही भेटलो. तरणा पोरगा. लग्नसराईत लग्नाची शूटिंग करतो, बाकीच्या दिवसांत मॅचेस. वाईट माणूस नाही. त्या पोराच्या आईचा फोन आला तेव्हा त्यानं क्लिप लगेच काढून टाकली. आम्हाला म्हणाला, "काकूला सांगितलं मी, माझ्याकडून काढली. पण आता ती माझ्याकडं राहिली कुठं?" आणि मग, जरा थांबून, "खरं सांगू का? अख्ख्या फायनलपेक्षा ती क्लिप जास्त चालली. रडणारं पोरगं लई चालतंय."

त्याला विचारलं, रडणं दाखवायचंच नाही का मग? हरल्याचं दुःख हाही खेळच आहे. त्यालाच उत्तर ठाऊक होतं, लग्नात तो तेच करतो. पाठवणीला नवरी रडते तेव्हा तो मागं सरकतो, मांडव सगळा घेतो, आईचा पदराआडचा हात घेतो. नवरीच्या तोंडात कॅमेरा घातला तर नवरीचा भाऊ कॅमेराच काढून घेईल, असं हसत म्हणाला. मैदानावरच्या पोराला तसा भाऊ नव्हता असं नाही. भाऊ तिकडं बॉल टाकून डोक्याला हात लावून बसला होता.

यंदाच्या चषकाचं पत्रक त्यानं आम्हाला दाखवलं. प्रवेश फी, बक्षिसं, बॉल कुठला, ओव्हर किती, आणि नेहमीप्रमाणं 'पंचांचा निर्णय अंतिम राहील'. त्याखाली एक ओळ घालायला तो तयार आहे: लहान मुलं रडत असतील तर त्यांच्यावर झूम नाही, रिप्ले नाही, क्लिप नाही. मंडळाच्या अध्यक्षांची हरकत नाही. अडचण एकच, पत्रकावर जागा उरलेली नाही. वर्गणीदारांच्या नावांचा टाइप एक नंबरनं लहान करावा लागेल, आणि ते त्यांना सांगायचं कुणी, यावर अजून मंडळात एकमत व्हायचंय.